आंजिलीच्या झाडाची न झालेली पाहणी

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी ऐकवणारी नव्हे, मापं घेणारी. माझं अंग कापडी आहे, वर पिवळं रोगण आहे आणि आत बारीक पितळी तारा विणलेल्या आहेत. राहायला चामड्याची गोल डबी आहे. डबीच्या पाठीवरची मूठ फिरवली की मी गुंडाळून आत जाते. दिसायला मी देखणी नाही, पण माझा एक गुण आहे. मोठ्याने बोलणारा आणि हळू बोलणारा, दोघंही मला सारखेच. जेवढं आहे तेवढंच मी सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. माझ्यासारख्या बऱ्याच जणी एका खोक्यात भरून निघालो होतो, एवढं आठवतं. उत्तर केरळच्या डोंगरातली कैतक्कुळम ही पंचायत हेच माझं माहेर आणि हेच सासर. तिथे मला सुगतन ओवरसियरांच्या हाती दिलं. पंचायतीचे रस्ते, विहिरी, बांधकामं बघायला हा माणूस नेमलेला होता. अंगाने काटकुळे, बोलायला गोड आणि चालायला कधी न कंटाळणारे. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत मी, एक पेन्सिल आणि केळीच्या पानात बांधलेला भात, असे आम्ही तिघं गाव पालथं घालायचो.

कामाची ती वर्षं मोठी मजेची होती. विहिरीचा घेर, शाळेची भिंत, कब्रस्तानाचं कुंपण, सगळं मी मोजलं. बांधावरून भांडणारे दोन भाऊ माझं एकेक टोक धरून असे ओढायचे की मला वाटायचं, आज माझे दोन तुकडे होणार. माप निघालं की दोघंही गप्प व्हायचे. "टेपने सांगितलं ना, मग झालं," असं म्हणून घरी जायचे. ते ऐकून माझी मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा थोडा गर्वच झाला होता.

आमच्या भागात माणसं कमी आणि झाडं जास्त. माड, फणस, रबर, आंजिली. आंजिली म्हणजे फणसाच्याच कुळातलं उंचच उंच झाड, त्याच्या लाकडाची दारं आणि होड्या होतात. घरं या झाडांच्या मधून कशीबशी डोकावतात. त्यामुळे पंचायतीकडे सगळ्यात जास्त तक्रारी झाडांच्या यायच्या. शेजाऱ्याचा माड माझ्या छपरावर झुकलाय, शेजाऱ्याच्या फणसाची फांदी माझ्या विहिरीवर आलीय. मग पंचायतीच्या माणसाने जागेवर जायचं, बघायचं, आणि झाड धोक्याचं असेल तर तोडायचा आदेश काढायचा. असा रिवाज.

आता सुगतनांच्या पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. ते पाहणीचा अहवाल पाहणीला निघण्याआधीच लिहून ठेवायचे. "समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता सदर झाड घरापासून" एवढं लिहून पुढे आकड्यापुरती जागा रिकामी सोडायची, आणि शेवटी "सध्या धोका दिसत नाही, उभय पक्षांनी सामंजस्याने घ्यावे." हे सगळं ऑफिसात पंख्याखाली बसून. कारण डोंगरावरून परत आलं की दोन्ही पक्ष भांडत मागोमाग यायचे आणि मग एक ओळ लिहू द्यायचे नाहीत. जागेवर गेलं की मी पसरायची, आकडा निघायचा आणि रिकामी जागा भरली जायची. सुगतनांच्या आधीचेही असंच करायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण लिहून झालं की सुगतन जायचेच.

आणि "धोका दिसत नाही" याचं काय? तिथेही गंमत होती. झाड खरंच धोक्याचं असलं तर सुगतन झाडाच्या मालकाच्या ओट्यावर बसायचे, कोरा चहा मागायचे, त्याच्या बायकोच्या लोणच्याची तारीफ करायचे आणि उठता उठता म्हणायचे, "ती एवढी फांदी उद्या पाडून टाक बरं." दुसऱ्या दिवशी फांदी पडलेली असायची. आदेश नको, कोर्ट नको, शेजाऱ्यांत कायमचं वाकडं नको. कागदावर मात्र धोका नाही असंच राहायचं. फांदी तुटल्याचं कागदाला कधी कळलंच नाही.

सुगतन निवृत्त झाले. निरोपाला पायसम म्हणजे आमची खीर झाली, भाषणं झाली, आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. ओवरसियरची जागा रिकामी राहिली आणि तिचा भार प्रसीतावर टाकला. प्रसीता ही ऑफिसातली कारकून. जन्ममृत्यूच्या नोंदी तिच्याकडे, घरपट्टी तिच्याकडे, आता झाडंही तिच्याकडे. केसांच्या अंबाड्यात खोचलेलं पेन तिला दिवसातून दहादा सापडायचं नाही. बिचारीला ऑफिसाबाहेर पाऊल टाकायला फुरसत कुठली! तिने मला टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत, एवढंच माझं काम उरलं. आयुष्यभर गाव मोजणाऱ्या टेपला हे किती लागलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या. तक्रारी साठत गेल्या. लोक खेटे घालून दमले.

अशात आमच्याकडे एआय मदतनीस आला.

जिल्ह्याहून एक साहेब आले, भिंतीवर चित्रं दाखवली, डाळवडे खाल्ले आणि संगणकात त्या मदतनिसाला बसवून गेले. पहिले काही दिवस सगळं ऑफिस त्याच्याभोवती. पंचायतीचे सेक्रेटरी मुजीब सार, म्हणजे सर, स्वतः त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. त्याच्या खोलीत नवा पंखा लागला, पडदा लागला. आमच्या ऑफिसात ताहिरा नावाची शिपाई आहे. तिला सगळे ताहिरात्ता म्हणतात, म्हणजे ताहिराताई. तिने हे लाड बघितले आणि म्हणाली, "मला बाई माझ्या धाकटीचं लग्न आठवलं. नवा जावई घरी आला की असंच. त्याला पंखा, त्याला कोंबडी, आणि आम्ही चुलीपुढे!"

तेव्हापासून त्याचं नाव जावईच पडलं.

मित्रांनो, मला त्याचा हेवा वाटला. पण जावई गुणाचा होता, हेही सांगायला हवं. पूर्वी पंचायतीचं पत्र आलं की लोक ते घेऊन मास्तरांकडे जायचे, याचा अर्थ काय म्हणून. जावयाची उत्तरं घरातल्या माणसाने समजावून सांगावं तशी असायची. कुठले कागद आणा, कुणाला भेटा, कधी या, सगळं साफ. डोंगरावरच्या वस्तीतला एक आंधळा म्हातारा विहिरीसाठी चार उन्हाळे अर्ज करत होता. त्याला जावयाने फोनवर बोलून उत्तर ऐकवलं तेव्हा तो ऑफिसात येऊन विचारत होता, "तो गोड आवाजाचा मुलगा कुठे बसतो?" प्रसीताही संध्याकाळी वेळेवर घरी जाऊ लागली. तिच्या तोंडावरचा ताण कमी झाला, ते मी रोज बघत होते. तिच्यासाठी मला बरं वाटलं.

जिल्ह्याच्या बैठकीत कुठल्या पंचायतीत किती अर्ज शिल्लक, ते दर आठवड्याला वाचून दाखवायचे. मुजीब सार पूर्वी तिथे मान खाली घालून बसायचे. आता आमची शिल्लक शून्य. सारांची पाठ थोपटली गेली. ते परत आले आणि सगळ्यांना बिर्याणी खाऊ घातली.

पण जावई काम शिकला कशावरून? आमच्या जुन्या फायलींवरून. त्या त्याला सगळ्या वाचायला दिल्या होत्या. झाडाची तक्रार आली की अहवाल कसा लिहायचा, ते त्याने सुगतनांच्या अहवालांवरून उचललं. तक्रार आली की तो लगेच लिहायचा, "समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता." फरक एवढाच, की सुगतन आकड्याची जागा रिकामी सोडायचे आणि जावयाला रिकामी जागा सोडायची सवय नव्हती. तो तिथे अंदाजाने शोभेलसा आकडा घालायचा. आणि फायलींतली बहुतेक सगळी झाडं "धोका दिसत नाही" अशीच असल्यामुळे त्याच्या लेखी गावात एकही झाड धोक्याचं नव्हतं.

तरी तो प्रामाणिक होता हो. मसुद्याच्या शेवटी तो दरवेळी एक ओळ घालायचा, "अंतर अंदाजे आहे, जागेवर जाऊन मोजून घ्यावे." मुजीब सारांना ती ओळ खुपायची. "सहीच्या खाली हे शेपूट कशाला? कागद कसा नीटनेटका पाहिजे," असं ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून प्रसीता ती ओळ आधी खोडायची, मग सही करायची. पहिल्या पहिल्यांदा तिच्या मनात होतं, की फुरसत मिळाली की जाऊन बघून येऊ. फुरसत कुणाला मिळते? पुढे तेही मनातून गेलं.

मग पेण्णम्माचा अर्ज आला.

पेण्णम्मा ही साठी उलटलेली विधवा. घरामागच्या स्वयंपाकघरात ती अप्पम करायची, तांदळाच्या पिठाचे जाळीदार, मऊ. चर्चमध्ये बाप्तिस्मा असो की लग्न, अप्पम पेण्णम्माचेच. तिच्या कुंपणापलीकडे तिचा धाकटा दीर वर्की राहायचा, आणि वर्कीच्या परसात एक जुनं आंजिलीचं झाड होतं. खालून रस्ता रुंद केला तेव्हा झाडाखालचा उतार खणला गेला आणि झाड हळूहळू पेण्णम्माच्या स्वयंपाकघराकडे कलायला लागलं. तिने दिराला सांगितलं. दीर म्हणाला, लाकडाला भाव येईल तेव्हा पाडीन, मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल. ती म्हणाली, त्याआधी माझं मयत करावं लागेल. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. तिने पंचायतीला अर्ज केला आणि दोनच दिवसांत तिच्या फोनवर उत्तर आलं.

उत्तर घेऊन ती ऑफिसात आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे कागदांवर बसले होते. छत्री तिने ताहिरात्ताच्या हातात दिली आणि फोन प्रसीतापुढे धरला.

"मोळे, हे वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून नाही, तू वाचलेलं ऐकायचंय मला."

मोळे म्हणजे पोरी. प्रसीताने वाचलं, "मंगळवारी सकाळी समक्ष पाहणी करण्यात आली. झाड आपल्या स्वयंपाकघरापासून साडेनऊ मीटरवर असून सध्या धोका दिसत नाही."

"कोण आलं होतं?"

प्रसीताने अंबाड्यातलं पेन चाचपलं.

"मंगळवारी सकाळभर मी चुलीपुढे होते. मांजरसुद्धा फिरकलं नाही. आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय मी सोडते होय? आणि साडेनऊ मीटर! अगं, झाड माझ्या भिंतीला टेकायचंच बाकी आहे. साडेनऊ मीटरवर तर वर्कीचा गोठा येतो!"

"चेच्ची, बसा ना. पाणी घ्या," ताहिरात्ता म्हणाली. चेच्ची म्हणजे ताई.

"बसायला आले नाही मी. झाड उभं आहे तोवर मला बसवत नाही. कोण आलं होतं ते सांगा, म्हणजे मी त्याच्याशीच बोलते."

प्रसीताने जावयालाच विचारलं, की मंगळवारची पाहणी कुणी केली. पडद्यावर उत्तर आलं आणि तिने ते मोठ्याने वाचलं, कदाचित नकळत. "मी पाहणी केलेली नाही, मी जागेवर जाऊ शकत नाही. मसुदा आधीच्या अहवालांच्या धर्तीवर तयार केला होता. अंतर अंदाजे असल्याची सूचना मसुद्याच्या शेवटी दिली होती."

ती ओळ प्रसीताने स्वतःच्या हाताने खोडली होती.

आवाज ऐकून मुजीब सार बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार गोड बोलून पेण्णम्माला सांगितलं, "चेच्ची, तुम्ही वर अपील करा. अपिलात फेरपाहणीचा आदेश आला की आम्ही लगेच येऊ."

"सार, अपील कुठे करायचं?"

"जिल्ह्याला."

"आणि झाडालाही सांगू का, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांब म्हणून?"

ती छत्री घेऊन निघून गेली. सार प्रसीताला हळू आवाजात म्हणाले, "आपण आता उठून गेलो तर आधी गेलो नव्हतो हे कबूल केल्यासारखं होईल. समजतंय ना?"

"समजतंय, सार."

"मग?"

सार आत गेले. बाहेर आभाळ भरून येत होतं. तुलाम महिना, म्हणजे आश्विन-कार्तिक, लागला की आमच्याकडे दुपारी विजांचा पाऊस येतो, डोंगर हादरवणारा. प्रसीताने खिडकीतून बघितलं, मग माझ्याकडे. तिने मला उचललं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला कागद दाबण्याशिवाय दुसऱ्या कामासाठी हातात घेतलं होतं. माझ्याखालचे कागद भुर्रकन उडाले आणि ते गोळा करायला ती थांबली नाही.

"ताहिरात्ता, येणार माझ्याबरोबर?"

"तू चल तर खरी. सारांना सांगू, डोकं दुखतंय म्हणून चहा प्यायला गेल्या," ताहिरात्ता म्हणाली आणि पुढे झाली.

मित्रांनो, ते झाड मी बघितलं आणि माझ्या डबीत धस्स झालं. कलतं म्हणजे किती कलतं! त्याचा शेंडा स्वयंपाकघराच्या कौलांवरून पलीकडे गेला होता. प्रसीताने माझ्या टोकाची कडी भिंतीला लावली आणि ताहिरात्ताने मला बुंध्यापर्यंत नेलं. दोन मीटरही भरले नाहीत.

वर्की ओट्यावर विडी ओढत बसला होता. "या या. सरकार आलं. मंगळवारीच येऊन गेलात ना तुम्ही? मला पण फोनवर आलंय, धोका नाही म्हणून. छापील आहे!"

"चेट्टा, जरा इकडे या," प्रसीता म्हणाली. चेट्टा किंवा चेट्टन म्हणजे दादा.

"कशाला? तुमचा कागद खरा की तुम्ही खऱ्या, ते आधी ठरवा."

हे तिच्या तोंडात मारल्यासारखंच होतं. तरी ती बुंध्यामागे गेली. तिथे पाचोळ्याखाली जमिनीला भेग पडली होती, झाडाच्या मुळाशी गोल, हातभर लांब. बोट जाईल एवढी. तिने माझी कडी त्या भेगेत सोडली. मी खाली जात राहिले. जात राहिले. आत ओलं होतं, गार होतं, मुळांचे तुटके दोरे अंगाला लागत होते. मी इतकी वर्षं विहिरी मोजल्या, पण भीती अशी कधी वाटली नाही. प्रसीताने मला वर ओढलं तेव्हा माझी कडी एका मुळात अडकली आणि माझ्या पहिल्या वीतभर पट्टीसकट तिथेच तुटून राहिली.

वर्की एव्हाना जवळ आला होता. त्याने भेग बघितली, मी किती आत गेले होते ते बघितलं, आणि विडी टाकून दिली.

"पेण्णम्मा चेच्ची," प्रसीता म्हणाली, "आजपासून या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. आत्ता चूल हलवायची."

"अगं, रविवारी संध्याकाळी बाप्तिस्म्याचे अप्पम आहेत! पीठ कुठे भिजवू? चूल कुठे मांडू, रस्त्यात?"

पेण्णम्मा वर्कीकडे बघत नव्हती आणि वर्की पेण्णम्माकडे बघत नव्हता. शेवटी ताहिरात्ता आभाळाकडे बघून म्हणाली, "त्या बाजूला परस किती मोठं आहे नाही? झाडाच्या मागची बाजू. पडलं तरी तिकडे नाही पडायचं."

"धूर सगळा माझ्या घरात येईल," वर्की म्हणाला. असं म्हणून तो कुंपणावरून पलीकडे गेला आणि दगडी रगडा उचलायला लागला. वाकताना तोंडाने पुटपुटत होता, की या बायका माणसाला सुखाने जगू देत नाहीत.

त्या संध्याकाळी प्रसीताने नवा अहवाल लिहिला. जावयाने तिला शुद्धलेखन सुधारून दिलं, आदेशाचं कलम शोधून दिलं, झाड तोडणाऱ्यांना पाठवायचं पत्रही तयार करून दिलं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण अहवालाचं पहिलं वाक्य तिने स्वतः घातलं, "या झाडाची यापूर्वीची पाहणी प्रत्यक्षात झालेली नव्हती."

सार ते वाचून खुर्चीत मागे टेकले.

"हे वाक्य राहिलं तर चौकशी तुझीच होईल, प्रसीता. सही तुझी आहे."

"माहीत आहे, सार."

"मग काढून टाक. आदेश मी तसाही काढतो."

"काढलं तर पहिला कागद खराच राहतो, सार. वर्की चेट्टन तोच कागद घेऊन कोर्टात जाईल आणि आपला आदेश थांबवून आणेल. मग झाड तिथेच."

सारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त शून्य शिल्लक फार आवडायची. त्यांनी पेन उघडलं आणि तिच्या सहीच्या खाली आपली सही केली, आणि तिच्या वाक्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "तो अहवाल मी न तपासता मंजूर केला होता."

झाड तोडणारे सोमवारी येणार होते. आदल्या दिवशी, रविवारी, दुपारी पाऊस आला. वारा असा की माड जमिनीला लागत होते. पाऊस ओसरला तेव्हा प्रसीताच्या घरी फोन वाजला. मी तिच्या पिशवीतच होते, त्या दिवसापासून तिने मला बाहेर काढलंच नव्हतं. ती रिक्षाने तडक आली.

आंजिली पडली होती. स्वयंपाकघर उरलंच नव्हतं. कौलं, भिंत, चुलीची जागा, सगळ्यावर झाड आडवं. आणि त्या फांद्यांमध्ये वर्की शिरला होता. हातांनी पाला ओरबाडत होता, कौलं उपसून फेकत होता. हाताला रक्त लागलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. तो ओरडत होता, "वहिनी! वहिनी, बोल ना गं! वहिनी!"

चूल त्याने स्वतःच हलवली होती. दोन दिवस धूर त्याच्याच घरात येत होता. पण झाड पडताना त्याने बघितलं आणि त्या घटकेला हे सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. इतकी वर्षं वहिनी त्याच जागी उभी असायची, म्हणून ती त्याला तिथेच दिसत होती.

लोक थिजून बघत होते. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या परसातून पेण्णम्मा आली. हातात अप्पमची पळी, कपाळावर पीठ. पाला तुडवत ती त्याच्या मागे गेली आणि त्याच्या पाठीवर पळीने टोचलं.

"अरे वेड्या, मी इथे आहे."

वर्कीने वळून बघितलं. मग तो तिथेच फांदीवर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. पेण्णम्मा पदराने त्याचे हात पुसत राहिली. प्रसीताने पिशवीत हात घातला आणि मला घट्ट धरून ठेवलं. मोजायचं काही नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. बुंधा आतून पोकळ निघाला, लाकडाला भाव आलाच नाही. वर्कीच्या मुलीचं लग्न जमायचं आहे, पण त्यातले अप्पम कोण करणार हे ठरलेलं आहे. प्रसीताला कारणे दाखवा नोटीस आली आणि तिची एक वेतनवाढ थांबली. मुजीब सारांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. जावई आमच्याकडेच आहे. त्याला आता सांगून ठेवलंय, की जाऊन आलेल्याचं नाव कळल्याशिवाय "पाहणी केली" हे शब्द लिहायचे नाहीत. तक्रार आली की तो आता आधी विचारतो, "कोण जाणार आहे?" ताहिरात्ता म्हणते, "आता कुठे घरचा झाला. आल्याबरोबर ताटावर बसत नाही, आधी विचारपूस करतो." इतर सगळी कामं तो पूर्वीसारखीच करतो आणि फार चांगली करतो. म्हणूनच प्रसीताला आठवड्यातले काही दिवस बाहेर पडायला सापडतात.

आणि मी? माझी कडी आंजिलीच्या मुळाखाली राहिली. प्रसीता आता माझ्या एक मीटरच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करते आणि शेवटी एक वजा करते. ऑफिसासाठी नवी पोलादी टेप घेतली आहे, कळ दाबली की सुळकन आत जाणारी. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या टेपा आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. कापड आहे मी, आज ना उद्या विरणारच. माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या खुर्चीवर बसेल. तुमच्या हाताशी जावयापेक्षाही हुशार मदतनीस असतील. त्यांना लिहू द्या, वाचू द्या, शोधू द्या. पण एखादी बाई येऊन म्हणाली, की माझ्या डोक्यावर झाड आहे, तर चपला घाला आणि आधी तिच्या घरी जा. उत्तर मागून लिहिता येतं.